अमेरिकी विद्यापीठातला इंग्रजीचा कोर्स: आधी बाहेर पडायचं दार बघा

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारा एक स्वतंत्र विभाग असतो. त्याला इन्टेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्राम म्हणतात, बोलताना नुसतं आयईपी. ही प्रथा जुनी आहे. मिशिगन विद्यापीठाने १९४१ साली इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू केली, तिथे चार्ल्स फ्रीझ यांनी वाक्यांचे साचे घोटून घेण्याची पद्धत रुजवली आणि पुढे ती जगभर गेली. आजच्या वर्गात घोकंपट्टी जवळजवळ उरलेली नाही, तरी साचा तोच आहे: आठवड्याला वीसेक तास, पातळीनुसार वर्ग, आणि शेवटी पदवीच्या वर्गात जाऊन बसता येईल इतकी भाषा.

या कोर्सबद्दल दोन गैरसमज फिरत असतात. एक म्हणजे हा स्पोकन इंग्लिशचा महागडा क्लास आहे. दुसरा म्हणजे ही प्रवेशाची मागची खिडकी आहे. दोन्ही समजुतींत पैसे वाया जातात. माहितीपत्रक लोक पहिल्या पानापासून वाचतात: कॅम्पस सुंदर, शिक्षक प्रेमळ, वीस देशांतले विद्यार्थी. माझा सल्ला आहे, शेवटापासून उलटं वाचा. वरची पातळी पूर्ण झाल्यावर हातात काय पडतं आणि त्याने कुठलं दार उघडतं, हे कळलं की बाकीचे निर्णय पटापट होतात.

पहिली पायरी: तुम्हाला तो लागतो का?

आयईपी सगळ्यांसाठी नाही. विद्यापीठाने मागितलेल्या टोफेल किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांतल्या गुणांपेक्षा तुम्ही अगदी थोडे कमी पडत असाल, तर घरी बसून दोन महिने तयारी करून परीक्षा पुन्हा देणं कितीतरी स्वस्त पडतं. आयेल्ट्सचा अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, मिळवायला कुणी समुद्र ओलांडू नये.

तो खरा उपयोगी पडतो तो वाचन बरं पण ऐकणं-बोलणं कच्चं असलेल्यांना. पुस्तक समजतं, पण प्राध्यापक भरभर बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला गाडी रुळावरून उतरते, आणि हात वर करून प्रश्न विचारायचा म्हटलं की घसा कोरडा पडतो. ही कमतरता परीक्षेच्या तयारीने भरत नाही, कारण ती सवयीची आहे.

तुमचं इंग्रजी चांगलं आहे आणि पीएचडी करताना शिकवण्याची असिस्टंटशिप मिळवायची आहे, तर आयईपी नको. त्यासाठी बहुतेक विद्यापीठांत परदेशी टीचिंग असिस्टंटसाठी वेगळा, छोटा कोर्स असतो. तो विचारा.

जोडीदारासोबत अमेरिकेत आलेल्यांसाठी एक आडवळण. एच-४ व्हिसावर (नोकरीच्या एच व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा) असाल तर वेगळा विद्यार्थी व्हिसा न घेताही शिकता येतं. एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा) असाल तर फक्त अर्धवेळ. पर्यटक व्हिसावर असा पूर्णवेळ कोर्स करता येत नाही, एजंट काहीही सांगो.

दुसरी पायरी: शेवटचं दार

कोर्सच्या ऑफिसला ईमेल करा आणि चार गोष्टी लेखी विचारा. वरची पातळी पूर्ण केली तर विद्यापीठ टोफेल-आयेल्ट्सची अट माफ करतं का? ही माफी बॅचलर्सला आहे, मास्टर्सला आहे, की दोन्हीला? मला हव्या असलेल्या विभागाला ती मान्य आहे का? आणि त्यासाठी किमान ग्रेड कोणती?

तिसऱ्या प्रश्नात भलेभले फसतात. अमेरिकेत मास्टर्सचा प्रवेश मुख्यतः विभाग ठरवतो. विद्यापीठाच्या सामान्य नियमात ‘आयईपी पूर्ण असेल तर परीक्षा नको’ असं असलं, तरी एखादा विभाग स्वतःची वेगळी, कडक अट ठेवू शकतो. म्हणून विभागाच्या प्रवेश समन्वयकाला थेट लिहा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. शिवाय एका विद्यापीठाचं आयईपी प्रमाणपत्र दुसरं विद्यापीठ मानेलच असं नाही. काही जण शेजारच्या स्वस्त विद्यापीठात कोर्स करून मोठ्या विद्यापीठात जायचा बेत आखतात. बेत चांगला, पण मोठ्या विद्यापीठाचा होकार आधी हातात हवा.

कंडिशनल ॲडमिशन हा शब्द इथेच भेटतो. अर्थ असा: तुमचे विषयाचे गुण पसंत आहेत, इंग्रजीची अट पूर्ण करा, मग पदवीला या. हे पत्र मिळालं तर उत्तमच, पण एक बारकावा लक्षात असू द्या. भाषेची अट पूर्ण झालेली नसताना विद्यापीठ तुम्हाला पदवीचं आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, देऊ शकत नाही. आधी भाषा-प्रशिक्षणाचं आय-२० मिळतं, अट पूर्ण झाल्यावर पदवीचं. म्हणजे कागदपत्रं दोनदा, पैशांचा पुरावाही बहुधा दोनदा.

आणखी एक शब्द कानावर पडेल: पाथवे. यात इंग्रजीसोबत पदवीचे काही विषय एकत्र घेता येतात. वेळ वाचतो. साध्या आयईपीचे तास मात्र सहसा पदवीच्या क्रेडिटमध्ये धरले जात नाहीत. त्यामुळे ‘एक सेमिस्टर आधीच झालं’ असा हिशोब मनात करू नका.

तिसरी पायरी: मान्यता

हे काम दहा मिनिटांचं आहे. २०१० च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, विद्यार्थी व्हिसावर इंग्रजी शिकवणाऱ्या कार्यक्रमाला मान्यता असणं बंधनकारक आहे. विद्यापीठ स्वतः कोर्स चालवत असेल तर विद्यापीठाच्या मान्यतेतच तो येतो. त्याशिवाय सीईए नावाची खास इंग्रजी कार्यक्रमांसाठीची मान्यता-संस्था आहे आणि एसीसीईटी ही दुसरी. दोघींच्या याद्या त्यांच्या वेबसाइटवर बघता येतात.

कॅम्पसवर वर्ग भरतो म्हणजे कोर्स विद्यापीठाचाच असतो असं नाही. काही ठिकाणी खासगी कंपनी विद्यापीठाच्या इमारतीत भाड्याने वर्ग चालवते. त्यात वाईट काही नाही, पण आय-२० वर कुणाचं नाव आहे आणि शेवटचं दार कोण उघडतं, हे स्पष्ट विचारून घ्या.

चौथी पायरी: तासांचं गणित

हे गणित पैसे भरण्याआधी करायचं असतं. बहुतेक जण ते पहिल्या सेमिस्टरनंतर करतात.

युरोपची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आता सगळीकडे वापरतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. केंब्रिजच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ पर्यंत शिक्षकासोबतचे ३५० ते ४०० तास लागतात, बी२ पर्यंत ५०० ते ६००, आणि सी१ पर्यंत ७०० ते ८००. आयेल्ट्सच्या भाषेत ५.५ ते ६.५ म्हणजे साधारण बी२ आणि ७ पासून सी१ सुरू होतं.

समजा तुम्ही बी१ नुकतंच ओलांडलं आहे आणि विद्यापीठाला ६.५ हवेत, म्हणजे बी२ चं वरचं टोक. कागदावर हे अंतर १५० ते २०० तासांचं. कोर्स आठवड्याला २० तासांचा असेल तर आठ ते दहा आठवडे. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात यात दीडपट वेळ धरा. एक तर हे तास सरासरीचे आहेत. दुसरं म्हणजे बोलणं आणि लिहिणं एकाच वेगाने वर चढत नाही, आणि पातळी बदलायला सगळ्या कौशल्यांत उत्तीर्ण व्हावं लागतं. लिखाणात अडकलात की अख्खी पातळी पुन्हा करावी लागू शकते.

त्यामुळे ऑफिसला आणखी एक प्रश्न: दर सत्रात किती विद्यार्थ्यांना पातळी पुन्हा करावी लागते? सरळ उत्तर देणारा कोर्स सहसा चांगला निघतो. ‘आमचे सगळे विद्यार्थी यशस्वी होतात’ असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे बघेन. बजेट आखताना गणितात येणाऱ्या सत्रांपेक्षा एक सत्र जास्तीचं धरा. फी, राहणं, आरोग्य विमा, सगळ्यासकट.

पाचवी पायरी: आय-२०, सेविस, मुलाखत

क्रम ठरलेला आहे. अर्ज, पासपोर्टची प्रत, बँकेचा पुरावा. मग आय-२०. ते आल्यावर सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, फी भरायची, हे लिहिताना ती ३५० डॉलर आहे. मग डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर, आणि मुलाखत. रकमा आणि नियम बदलत असतात, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच बघा. आय-२० वर शैक्षणिक पातळीच्या जागी भाषा-प्रशिक्षण लिहिलेलं आहे ना, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं ना, हे आधी तपासा.

मुलाखतीत अवघड प्रश्न एकच असतो: इंग्रजी शिकायला अमेरिकेतच का? ‘तिथलं वातावरण’ हे उत्तर अधिकाऱ्याने दिवसभरात पन्नासदा ऐकलेलं असतं. तुमच्याकडे शेवटच्या दाराचं लेखी उत्तर असेल तर ते इथे कामाला येतं: अमुक विद्यापीठाने अमुक पदवीला सशर्त प्रवेश दिला आहे, माझी पातळी ही, त्यांना हवी ती ही, मधलं अंतर इतक्या महिन्यांचं, खर्च असा भागणार, पदवीनंतरचा बेत असा. सशर्त प्रवेशाचं पत्र सोबत न्या. इंग्रजी अडखळलं तरी घाबरू नका. भाषा शिकायलाच निघाला आहात, अस्खलित बोलायची अपेक्षा नाही. पाठ केलेलं उत्तर मात्र लगेच उघडं पडतं.

कोर्स सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी या व्हिसावर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. तिकीट त्या बेताने काढा.

सहावी पायरी: प्लेसमेंट टेस्ट

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ही परीक्षा होते: ऐकणं, वाचन, व्याकरण, एखादा निबंध आणि थोडं बोलणं. हिच्यावरून पातळी ठरते, पातळीवरून सत्रांची संख्या, आणि सत्रांवरून तुमचा खर्च. साहजिकच वरच्या पातळीत घुसायचा मोह होतो.

घुसू नका. पाठ केलेला निबंध लिहून वर गेलात तर पुढचे दोन महिने वर्गात काय चाललंय ते कळणार नाही, नापास व्हाल आणि वाचवलेलं सत्र व्याजासकट परत करावं लागेल. मात्र उलट बाजूही खरी आहे. प्रवासाचा शीण, झोपेचं खोबरं, अनोळखी उच्चार, यामुळे परीक्षा बिघडू शकते. आदल्या रात्री झोपा. आणि वर्ग फारच सोपा वाटला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिक्षकांना सांगा. पातळी बदलायची मुभा बहुधा पहिल्या आठवड्यातच असते, नंतर सत्र संपेपर्यंत तिथेच बसावं लागतं. सांगताना ‘मला वरचा वर्ग द्या’ असं म्हणण्यापेक्षा ‘माझं लिखाण पुन्हा एकदा बघाल का’ असं विचारलेलं चांगलं.

सातवी पायरी: वर्ग, आणि मराठी जिभेचे प्रश्न

पहिल्या दिवशी सिलॅबस मिळतो. तो कराराइतका गंभीरपणे वाचा. हजेरी, उशिरा दिलेल्या कामाचे गुण, वर्गातला सहभाग, सगळं त्यात असतं. सहभागाला गुण असतात, म्हणजे मान खाली घालून नीट ऐकणारा शहाणा विद्यार्थी इथे गुण गमावतो. रोज एक प्रश्न विचारायचा असा नेम करा. तो आदल्या रात्री लिहून नेला तरी चालतो.

शिक्षक वेगवेगळ्या भाषांच्या मुलांना एकत्र शिकवतात. मराठी माणूस नेमका कुठे अडतो हे ते तुम्हाला सांगणार नाहीत. ते आपलं आपणच ओळखायला हवं.

सगळ्यात मोठी अडचण इंग्रजीतल्या ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) या आर्टिकल्सची. मराठीत ‘मी लायब्ररीत गेलो’ हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत लायब्ररीच्या आधी काहीतरी हवंच. सगळे नियम पाठ करत बसू नका, एकच धरा: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं फिरत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ असं काहीतरी लागतं. निबंध लिहून झाला की फक्त एवढंच शोधत एकदा वरून खाली जा. बऱ्याचशा लाल खुणा तिथेच कमी होतील.

दुसरी अडचण व. मराठीला एकच ‘व’ पुरतो, इंग्रजीला दोन लागतात. ‘व्हेरी’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. ‘वेअर’साठी शीळ घालायला करतो तसा ओठांचा चंबू करा, दातांचं काम नाही.

तिसरी फार कमी लोकांना ठाऊक असते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ आपल्या ‘ख’कडे झुकलेला असतो, आणि ‘प’ हा ओठ मिटून म्हटलेल्या जुन्या ‘फ’कडे. आपण ‘पिन’ कोरडं म्हणतो आणि समोरच्याला ‘बिन’ ऐकू येतं. तोंडासमोर कागदाची चिठ्ठी धरून ‘पिन’ म्हणा, चिठ्ठी हलली पाहिजे. ‘ट’ म्हणताना जीभ टाळूकडे वळवू नका. ‘न’ म्हणताना ती जिथे टेकते साधारण तिथेच टेकवा.

चौथी म्हणजे आघात. मराठीत शब्दातली सगळी अक्षरं कमी-अधिक सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची गिळलेली. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. ‘तुमचे उच्चार कळत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर दोष बरेचदा व्यंजनांचा नसतो, जोर चुकीच्या जागी पडलेला असतो.

आता लिखाण. आपल्याकडे निबंधात आधी वातावरणनिर्मिती, मग हळूहळू मुद्दा. इथे मुद्दा पहिल्या परिच्छेदातच सांगायचा, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्या परिच्छेदाचा दावा, आणि त्यामागे पुरावा. सुरुवातीला हे रुक्ष वाटतं. तरी पदवीला गेल्यावर प्रत्येक प्राध्यापक हेच मागतो.

शब्दांच्या बाबतीत शॉर्टकट म्हणता येईल असं एकच साधन मला माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुळांची ॲकॅडेमिक यादी प्रसिद्ध केली. कोणत्याही विषयाच्या पाठ्यपुस्तकातले साधारण १० टक्के शब्द या यादीतले असतात. दिवसाला पाच घेतले तर चार महिन्यांत यादी संपते. नुसता अर्थ पाठ करू नका, त्या दिवशी वाचलेल्या मजकुरात शब्द शोधा आणि ते अख्खं वाक्य उतरवा.

उचलेगिरीबद्दल सावध राहा. चार शब्द बदलून दुसऱ्याचं वाक्य वापरणं, मित्राचा गृहपाठ बघून लिहिणं, एआयकडून निबंध करून घेणं, यावर अमेरिकी विद्यापीठं कठोर असतात. शंका असेल तर काम देण्याआधी विचारा. आधी विचारणाऱ्याला शिक्षा होत नाही.

आठवी पायरी: वर्गाबाहेर

वर्ग २० तास. जागेपणाचे उरलेले नव्वद तास कुठल्या भाषेत जातात? मराठी-हिंदी मित्रांसोबत खोली घेतली की भाडं वाचतं आणि कोर्सची फी बुडते. निदान पहिलं सत्र तरी वेगळ्या भाषेचा रूममेट बघा. जपानी किंवा ब्राझिलियन रूममेटसोबत दूध संपल्याचं भांडणसुद्धा इंग्रजीतच करावं लागतं, आणि भांडताना भाषा फार वेगाने सुधारते.

बहुतेक कोर्स कॉन्व्हर्सेशन पार्टनर जोडून देतात. त्याच्यासोबत नुसती कॉफी पिऊन ‘हाऊ आर यू’ झालं की विषय संपतो. म्हणून दर भेटीला एक काम न्या: एखादी बातमी समजावून सांगा किंवा प्रेझेंटेशनची तालीम करा. शेवटच्या सत्रात, तुम्हाला घ्यायच्या पदवीच्या एखाद्या प्राध्यापकांना विचारून त्यांच्या व्याख्यानाला मागच्या बाकावर बसा. आपली खरी पातळी तिथे कळते.

नववी पायरी: व्हिसाचा दर्जा सांभाळणं

भाषा शिकणाऱ्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १८ घड्याळी तासांची हजेरी लागते. कोर्सचा भर वर्गापेक्षा लॅबवर असेल तर २२. ताप आला, कंटाळा आला, लग्नाला जायचंय, काहीही असो, परस्पर गैरहजर राहू नका. विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे तुमची सेविस नोंद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी गाठा. पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं. कॅम्पसबाहेर काम करायचं नाही. पदवीनंतर मिळणारं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात तात्पुरतं काम करायची परवानगी, भाषेच्या कोर्सवर मिळत नाही.

शेवटी, पातळ्या पूर्ण झाल्या की त्याच विद्यापीठात पदवीसाठी नवीन आय-२० काढायचं. दुसरीकडे जायचं तर कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सेविस नोंद तिकडे पाठवायला सांगायचं, आणि नवा कोर्स पाच महिन्यांच्या आत सुरू झाला पाहिजे. हे काम शेवटच्या सत्राच्या मध्यावरच सुरू करा, कारण पदवीचे प्रवेश तुमच्या पातळीच्या निकालासाठी थांबत नाहीत.

पातळी पूर्ण झालीच नाही तर? टोफेल किंवा आयेल्ट्स पुन्हा देऊन बघा, कोर्सनंतर गुण बरेचदा वाढलेले असतात. बॅचलर्स करायचं असेल तर कम्युनिटी कॉलेज बघा: इंग्रजीची अट सहसा सैल, फी कमी, आणि दोन वर्षांनी विद्यापीठात बदली घेता येते. त्या अर्जासोबत लिखाणाचा नमुना मागितला तर आयईपीतले तपासलेले निबंध हाताशी लागतात, म्हणून शिक्षकांच्या लाल खुणांसकट ते सगळे एका फाइलमध्ये ठेवा.